गार पास्त्याचं कूळ

उन्हाळा आला की युरोप-अमेरिकेतल्या घरांत गार पास्त्याचं वाडगं भरतं. मटार, फरसबी, ब्रोकोली, वरून ऑलिव्ह तेल. सकाळी कालवून फ्रिजमध्ये ठेवलं की ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो वाढून घेतो. पदार्थ इटलीचा वाटतो; पण कूळ तपासलं तर पास्ता सिसिलीचा, गारवा अमेरिकेतल्या दुकानांचा आणि भाज्यांचा थाट न्यूयॉर्कच्या एका महागड्या रेस्टॉरंटचा निघतो.

सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल्‌-इद्रिसीने ११५४ मध्ये भूगोलाचा ग्रंथ पुरा केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी पास्ता तयार होऊन जहाजांनी दूरदूर जात असल्याची नोंद आहे. हा व्यापार चालला तो ड्युरम गव्हाच्या, म्हणजे आपल्याकडच्या बन्सीच्या जोरावर. त्याच्या रव्याचा पास्ता कडक वाळतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. तेव्हा तो शिजवत मात्र भलताच वेळ. पंधराव्या शतकातला आचारी मार्तीनो सिसिलीची मॅकरोनी दोन तास उकळायला सांगतो, आणि वर चीज व लोणी. हिरव्या भाजीची जोड इटलीतल्या लिग्युरियात दिसते: तिथे त्रेनेत्ते नावाचा पास्ता, फरसबी आणि बटाटे एकाच भांड्यात उकळून तुळशीच्या जातीतल्या बेसिलच्या पेस्टोत कालवतात. पण तेही गरमच.

गारवा आला अमेरिकेत. रिचर्ड हेलमन १९१२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये काचेच्या बरणीतून मेयोनेझ विकू लागला. असं तयार मेयोनेझ हाताशी आल्यावर मऊ मॅकरोनी, सेलरी, उकडलेली अंडी एकत्र करून थंड ठेवणं सोपं झालं. सहलींच्या डब्यात आणि दुकानांच्या काउंटरवर हे सॅलड रुळलं. हवाईत तर भाताच्या मुदीशेजारी आजही त्याचा गोळा असतो.

भाज्यांना मान मिळाला तो १९७० च्या दशकात. सिरिओ माच्चिओनी यांच्या ‘ल सर्क’ रेस्टॉरंटमुळे ‘पास्ता प्रिमावेरा’ गाजला आणि १९७७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याची कृती छापली. ब्रोकोली, मटार, झुकिनी, अ‍ॅस्परॅगस जेमतेम वाफवलेले, पण सोबत क्रीम आणि लोणी. पुढच्या दशकात या भाज्या गार सॅलडात आल्या: क्रीम गेलं, तेल-व्हिनेगर आलं, आणि मॅकरोनीची जागा पीळदार फुसिल्लीने घेतली. तिच्या खाचांत तेल छान धरून राहतं.

चीज, मेयोनेझ, क्रीम आणि शेवटी नुसतं तेल: पास्त्यावरचं पांघरूण असं पातळ होत गेलं. मेयोनेझच्या थराखाली गिच्च मॅकरोनी आणि काळपट भाजी खपून जाई. तेलाखाली खपत नाही. म्हणून आजच्या कृतीत मिनिटं मोजावी लागतात. पास्ता गार होताना त्यातला स्टार्च आवळून येतो, म्हणून तो गरम खायच्या पास्त्यापेक्षा मिनिटभर जास्त शिजवायचा. मटार आणि फरसबी खळखळत्या पाण्यातून काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे त्यांचं शिजणं तिथेच थांबतं. लिंबू मात्र सकाळी पिळायचं नाही. आंबटपणाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि तासाभरात हिरवा रंग शेवाळी होतो. ते पानं वाढताना पिळावं, आणि त्याच वेळी मिठाची चव पुन्हा घ्यावी. गार पदार्थात मीठ मंद लागतं.