होमगार्ड : बंदूक कुणाच्या हाती द्यायची?

मंडळी, होमगार्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो गणपती विसर्जनाच्या गर्दीत काठी घेऊन उभा असलेला खाकी वर्दीतला माणूस. हे नाव आलं १९४०च्या इंग्लंडातून, आणि आज आपण तिथेच जाणार आहोत. लढायांचं वर्णन आमच्याकडून अपेक्षू नका. जर्मन फौज इंग्लंडात उतरलीच नाही, त्यामुळे या बटालियनींना तिच्याशी लढावंही लागलं नाही. आमचा सगळा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, तेव्हा आमचा प्रश्नही त्याच वळणाचा आहे: राज्यसंस्था आपल्याच नागरिकांवर विश्वास टाकते तो कधी, आणि किती?

१४ मे १९४०. चार दिवसांपूर्वी जर्मन छत्रीधारी सैनिक हॉलंडमध्ये उतरलेले. ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन संध्याकाळी रेडिओवर बोलले. १७ ते ६५ वयाच्या, सैन्यात नसलेल्या पुरुषांनी जवळच्या पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं. पगार नाही, पण गणवेश आणि शस्त्र मिळेल. भाषण संपायच्या आतच ठाण्यांवर माणसं येऊ लागली म्हणतात. पहिल्या आठवड्यात अडीच लाख, जुलैअखेर जवळजवळ पंधरा लाख!

आता एवढ्यांना द्यायचं काय? डंकर्कहून परतलेल्या खुद्द सैन्याचीच शस्त्रं फ्रान्समध्ये राहिली होती. मग शिकारीच्या बंदुका, काठ्या, झाडूचे दांडे, जे मिळेल ते. दंडावर 'एलडीव्ही' अक्षरांची पट्टी, म्हणजे लोकल डिफेन्स व्हॉलंटियर्स. लोकांनी त्याचं 'लुक, डक अँड व्हॅनिश' केलं: बघा, वाका आणि पसार व्हा. चर्चिलना हे नाव पसंत नव्हतं. जुलैत त्यांनी 'होमगार्ड' हे नाव घ्यायला लावलं. पुढे १९४१मध्ये त्यांनीच लिहिलं की प्रत्येकाच्या हातात काहीतरी हवं, भाला का असेना. युद्धखात्याने ते शब्दशः घेतलं, आणि लोखंडी नळ्यांना जुन्या संगिनी जोडून अडीच लाख भाल्यांची ऑर्डर दिली! लोक संतापले, आणि बहुतेक भाले गोदामातच पडून राहिले. सरकारी कागदाचा महिमा सगळीकडे सारखाच, बरं का.

पण आम्हाला थांबायचंय ते ऑस्टर्ली पार्कपाशी. लंडनच्या पश्चिमेला एका अर्लचा जुना वाडा आणि भोवती मोठं आवार. तिथे जुलै १९४०मध्ये टॉम विंट्रिंगहॅम यांनी होमगार्डसाठी प्रशिक्षण शाळा काढली. पैसा सरकारचा नव्हता, 'पिक्चर पोस्ट' साप्ताहिकाच्या मालकाचा होता. विंट्रिंगहॅम स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढलेले. १९३७मध्ये हारामाच्या लढाईत आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या ब्रिटिश बटालियनचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. रणगाडा कसा अडवावा, गावात घराघरातून कसं लढावं, हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं. छलावरण, म्हणजे परिसरात मिसळून लपणं, शिकवायला कोण? रोलंड पेनरोज, अतिवास्तववादी चित्रकार! तीन महिन्यांत पाच हजारांवर माणसं तिथे शिकून गेली.

सरकारला हे रुचलं नाही. लोकांना गनिमी कावा शिकवणारा, डाव्या विचारांचा माणूस! शरद ऋतू लागतालागता युद्धखात्याने शाळा आपल्या ताब्यात घेतली. कम्युनिस्ट आणि फॅसिस्टांना होमगार्डमध्ये घ्यायचं नाही असा नियम होता. विंट्रिंगहॅम तोवर पक्षात राहिले नव्हते, तरी त्यांना स्वतःला होमगार्डमध्ये प्रवेश मिळाला नाही. ज्याने हजारोंना शिकवलं, तोच दाराबाहेर.

जॉर्ज ऑर्वेल मात्र आत होते. मोतीहारीला जन्मलेले, ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी राहिलेले हे लेखक प्रकृतीमुळे सैन्यात जाऊ शकले नाहीत. लंडनमधल्या सेंट जॉन्स वुडच्या तुकडीत ते सार्जंट झाले. सामान्य कामगाराच्या घरात सरकार आपणहून रायफल ठेवतं, ही त्यांना लोकशाहीची मोठी खूण वाटे. ही लोकांची सेना निवृत्त कर्नलांच्या कवायतीत अडकू नये, असं ते लिहीत राहिले.

आमच्या मते झालं ते नेमकं तेच. १९४२च्या आरंभापासून भरती सक्तीची होऊ शकली आणि चौदा दिवसांची सूचना देऊन बाहेर पडायची मुभा गेली. मग 'स्वयंसेवक' या शब्दात उरलं काय? स्त्रियांचं तर विचारूच नका. खासदार एडिथ समरस्किल १९४०पासून त्यांच्यासाठी भांडत होत्या. १९४३मध्ये प्रवेश मिळाला तो मदतनीस म्हणून, बंदुकीविना.

या फौजेला हसणं सोपं आहे. बीबीसीने 'डॅड्स आर्मी' काढून ते नऊ वर्षं केलं. पण विमानविरोधी तोफांवर एक लाखाहून अधिक होमगार्ड उभे राहिले, आणि युद्धकाळात १,२०६ जण कर्तव्यावर मेले. ३ डिसेंबर १९४४ला त्यांना कामातून मोकळं केलं गेलं.

आता आपल्याकडे बघा. जे साम्राज्य लंडनच्या कामगाराच्या हाती रायफल देत होतं, त्याचाच १८७८चा शस्त्र कायदा इथे लागू होता. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा. १९३० साली गांधीजींनी आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्या, ही एक होती. अहिंसेच्या पुजाऱ्याने हे मागावं याचं आमच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी नवल वाटे. आम्ही म्हणायचो, बंदूक वापरायची की नाही हे ठरवायला ती आधी हाताशी असू शकली पाहिजे, नाही का?

मग ६ डिसेंबर १९४६ला, दंगलींनी पेटलेल्या मुंबईत, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना होमगार्ड हे नाव आपल्याकडे आलं. १८७८चा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिला; त्याच्या जागी नवा कायदा झाला तो १९५९ साली.