राजीनामा : राजी कोण?

काही शब्द आपला अर्थ इतक्या निमूटपणे बदलतात, की त्या बदलाची नोंद घेण्याचे भान भाषेच्या अध्यापकांनाही राहत नाही. 'राजीनामा' हा त्यांपैकीच एक. सरपंचाने वा नगराध्यक्षाने मुदतीपूर्वी पद सोडल्याची बातमी वाचताना या शब्दात 'राजी' दडलेला आहे, हे आमच्याही फारसे ध्यानात येत नसे.

अरबी 'राजी' आणि फारसी 'नामा' यांच्या संयोगातून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमतिपत्र. मराठेशाहीत वादी-प्रतिवादी पंचांपुढे राजीनामा लिहून देत. पंचांचा निवाडा आम्हांस मान्य राहील, असा त्याचा आशय असे. ब्रिटिश अमदानीत, मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात, जमीन सोडणारा राजीनामा देई आणि ती पत्करणारा कबुलायत लिहून देई. सोडणाऱ्याच्या कागदाला घेणाऱ्याच्या कागदाची जोड असे. दोन्ही व्यवहारांत कोण कशाला राजी आहे, हे स्पष्ट होते.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याच्या धोरणाला चालना मिळाली. लोकनियुक्त पदे वाढू लागली, तसा पदाला एक नवा धनी लाभला : मतदार. मग पद सोडताना राजी कोणाची घ्यायची?

जवाहरलाल नेहरूंचे उदाहरण येथे बोलके आहे. १९२३ मध्ये ते अलाहाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. मुदत तीन वर्षांची. परंतु दुसऱ्या वर्षापासूनच त्यांना या जबाबदारीतून मोकळे व्हावेसे वाटू लागले आणि मुदत संपण्यापूर्वीच त्यांनी पद सोडले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नगरपालिकेच्या चाकोरीबद्ध यंत्रणेविषयीची आपली निराशा त्यांनी मोकळेपणाने मांडली आहे. त्यांचा निर्णय योग्य होता की नव्हता, याविषयी मतभेद संभवतात. कारण मात्र लोकांपुढे आले, आणि ते त्यांचे स्वतःचे होते.

आपल्याकडे अलीकडच्या काळात रूढ झालेला राजीनामा याहून निराळा आहे. महापौरपदाची अडीच वर्षे 'सव्वा-सव्वा' वाटून घ्यायची, सरपंचपदाच्या पाळ्या लावायच्या आणि ठरल्या दिवशी पहिल्याने दुसऱ्यासाठी खुर्ची रिकामी करायची. सांगण्याचे कारण बहुधा 'वैयक्तिक' असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार सरपंच आपला राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींकडे देतो. त्याच्या खरेपणाविषयी वाद उद्भवल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो. म्हणजे सही खरी आहे का, हे तपासण्याची सोय आहे. कारण खरे आहे का, हे विचारण्याची मतदाराला सोय नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर ही उणीव अधिक बोचते. ती स्वतः राजी होती, की तिला राजी केले गेले, हे त्या कागदावरून कळत नाही.

प्रत्येक पदत्याग संशयास्पद असतो, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. आजारपण, मतभेद, तत्त्वनिष्ठा ही कारणे खरी असू शकतात, आणि पदाला चिकटून राहण्यापेक्षा पद सोडणे कित्येकदा अधिक प्रामाणिक ठरते. आमचे म्हणणे एवढेच, की ज्यांनी निवडून दिले त्यांना कारण सांगितले जावे. जुन्या राजीनाम्यात पंचांचा शब्द मानण्याचे वचन होते. आजच्या राजीनाम्यात निदान मतदारांना उत्तर देण्याचे बंधन असावे. तसे नसेल, तर त्या कागदावरचा 'नामा' तेवढा उरतो. 'राजी' केव्हाच निघून गेलेला असतो.