क्लोम

भोपाळच्या मराठी घरात माशाच्या एकाच अवयवाची तीन नावे कानी पडतात. बाजारात मासेवाला रोहूचा गलफडा उचलून आतला लालभडक रंग दाखवतो. घरी आई त्यालाच कल्ला म्हणते. अकरावीतल्या मुलाच्या हिंदी जीवशास्त्राच्या पुस्तकात मात्र छापलेले असते ‘क्लोम’.

पहिल्या दोघांचे कूळ चेहऱ्यापाशीच सापडते. गलफड्यात गाल उघड दिसतो. कल्ला फारसीतून आला, तोही गाल-जबड्याचाच. म्हणून तर पुरुषांच्या कानापुढचे केसही आपल्याकडे कल्लेच.

क्लोम आला थेट छातीतून. अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडात अंगाअंगातून रोग उपटून काढणारे सूक्त आहे. त्यात हृदयापाठोपाठ क्लोमन् येतो. पुढे आयुर्वेदाने त्याची गाठ तहानेशी बांधली. चरकसंहितेत पाणी वाहणाऱ्या स्रोतसांची मुळे दोन, टाळू आणि क्लोम. पण देहात हा क्लोम नेमका कुठला? कुणी उजवे फुप्फुस म्हटले, कुणी पित्ताशय, कुणी स्वादुपिंड. वैद्यांचा तो वाद अजून मिटलेला नाही.

भाषाशास्त्राचा कौल फुप्फुसाला आहे. फुप्फुसाला जुन्या ग्रीकमध्ये प्लेउमोन, लॅटिनमध्ये पुल्मो. संस्कृतातला क्लोमन् त्यांचा सख्खा भाऊ. प आणि म हे दोन ओष्ठ्य वर्ण एका शब्दात जवळ आले आणि संस्कृतात पहिल्याचा क झाला. मूळ धातू तरंगण्याचा, आपल्या ‘प्लवन’मधलाच. कापलेल्या जनावराचे काळीज पाण्यात बुडते, हवेने भरलेले फुप्फुस वर येते. ज्याने हे पहिल्यांदा पाहिले, त्याने अवयवाला ‘तरंगणारा’ म्हटले.

विसाव्या शतकात विज्ञानाची परिभाषा घडवताना हा बेघर शब्द माशाला मिळाला. हिंदीच्या पाठ्यपुस्तकांत तो रुळला, मराठी विश्वकोशातल्या माशांच्या नोंदींतही भेटतो. मला ही निवड फार आवडते. लिटरभर हवेत सुमारे 210 मिलिलिटर प्राणवायू असतो. मे महिन्यात भोपाळच्या बड्या तालाबाच्या लिटरभर पाण्यात फार तर 5-6. तेवढ्यासाठी रोहू दिवसरात्र तोंडाने पाणी घेतो आणि चार जोड कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. पाण्याच्या वाटेचे मूळ हे चरकाचे वर्णन माणसाच्या देहात जागा शोधत राहिले. रोहूच्या गालाआड ते अगदी नेमके बसते.