तीन अंशांचा पासंग

रेडिओ रिसीव्हरचा कान किती तिखट आहे, हे मोजायचं कसं? अडचण अशी की रिसीव्हर स्वतःच खरखरतो. 1928 साली बेल प्रयोगशाळेत जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवलं की साध्या रोधातही निव्वळ उष्णतेमुळे विजेची खरखर उठते, आणि तिची शक्ती तापमानाच्या प्रमाणात असते. म्हणून अभियंते खरखर केल्विनमध्येच सांगू लागले. त्या खरखरीतून किती क्षीण संदेश वेगळा काढता येतो, ती रिसीव्हरची संवेदनशीलता.

आता होमडेलला येऊ. न्यू जर्सीतलं हे गाव. तिथे बेलचा वीस फूट तोंडाचा, कर्ण्यासारखा अँटेना होता. 1961 मध्ये एडवर्ड ओम यांनी त्याच्या साऱ्या यंत्रणेची खरखर मोजली, ती भरली सुमारे 22 केल्विन. ज्ञात कारणांची बेरीज मात्र 19 च्या आसपास. तीन केल्विन जास्त! पण मोजमापाच्या चुकीची मर्यादाही तेवढीच होती, त्यामुळे विषय तिथेच थांबला. ओम यांचा यात दोष नाही हो, तराजूतच तेवढा पासंग होता.

पेन्झियास आणि विल्सन यांनी 1964 मध्ये तराजू सुधारला. पेन्झियास यांनी द्रव हेलियममध्ये बुडवलेला एक प्रमाण-स्रोत बांधला, तापमान चार केल्विनच्या जरा वर. रिसीव्हर एकदा आकाशाला जोडायचा, एकदा या स्रोताला, आणि फरक बघायचा. आमच्या दर्शनांत जुना वाद आहे : ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःसिद्ध की दुसऱ्या कशावरून ठरायचं? दुसऱ्यावरून, असं नैयायिक म्हणतात. पेन्झियास त्यांच्याच पंक्तीतले!

अँटेनाचं तापमान आलं 6.7 केल्विन. वातावरणाचे 2.3, अँटेनातल्या क्षयाचे 0.8, जमिनीचे फार तर 0.1. उरले साडेतीन, आणि या वेळी चुकीची मर्यादा होती फक्त एक. कर्ण्यात राहणारी कबुतरं हाकलली, त्यांची घाण साफ केली, सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली. आकडा जवळपास तिथेच.

गंमत बघा. असा आळीपाळीने तुलना करणारा रिसीव्हर 1946 साली मांडला होता रॉबर्ट डिकी यांनी, आणि जवळच प्रिन्स्टनला त्यांचा गट विश्वाच्या आरंभाची हीच ऊब शोधायला यंत्र बांधत होता. 1965 मध्ये दोन्ही लेख शेजारीशेजारी छापून आले. विश्वाचा अर्थ डिकींच्या लेखात. पेन्झियास-विल्सन यांच्या मथळ्यात फक्त एवढंच, की 4080 मेगासायकलवर अँटेनाचं तापमान जादा भरलं.