नत्राचा प्रवास : मक्याच्या पानापासून पिंपरीच्या टाकीपर्यंत

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटले की आज मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. परंतु या पट्ट्यातील सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक यंत्रांचा नव्हता, बुरशीचा होता. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये पिंपरीला स्थापन झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. तोवर हे औषध आपण परदेशातून आणत होतो. या कारखान्याची कथा सांगताना यंत्रसामग्रीचा व तज्ज्ञांचा उल्लेख होतो, पण बुरशीला खायला काय घातले याचा सहसा होत नाही.

त्यासाठी थोडे मागे, १९४१ मध्ये जावे लागते. ऑक्सफर्डचे फ्लोरी आणि हीटली त्या वर्षी अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत पोहोचले. बुरशी वाढत होती, पण पेनिसिलीन अगदी अल्प मिळत होते. मक्यापासून स्टार्च काढणारे कारखाने दाणे आधी सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवत. उरलेल्या पाण्याचे काय करायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच होता. पिओरियातील मॉयर यांनी आटवलेले हे पाणी, म्हणजे कॉर्न स्टीप लिकर, बुरशीच्या अन्नात घातले आणि उत्पादन सुमारे दहा पट वाढले. पुढे जगभरच्या पेनिसिलीन कारखान्यांत हेच द्रव्य नत्राचा मुख्य पुरवठादार बनले.

या पाण्यात नत्र आला कोठून? अर्थातच दाण्यातून. आणि दाण्यात? येथे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. दाणा भरताना मुळे जमिनीतून जो नत्र घेतात तो पुरेसा नसतो. मक्याच्या दाण्यातील साधारण निम्मा नत्र आधी पानांत व खोडात होता. तेथे तो प्रामुख्याने प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनांत गुंतलेला असतो. कणीस भरू लागले की झाड ही प्रथिने मोडते, त्यांतील नत्र ग्लुटामिन, अॅस्परॅजिन अशा लहान रेणूंत बांधते आणि रसवाहिन्यांतून दाण्याकडे पाठवते. म्हणूनच नत्र कमी पडला की खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात. वर्गात हे दाखवायला मक्याच्या दोन कुंड्या पुरतात. एकीत खत घालावे, दुसरीत फक्त धुतलेली वाळू ठेवावी.

चाकणच्या कांदा उत्पादकाला हा व्यवहार वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. माना पडल्या की कांदा काढणीला आला, असे तो म्हणतो. पातीतला माल कांद्यात उतरलेला असतो. उशिरा युरिया टाकला तर पात हिरवी राहते, माना जाड होतात आणि कांदा चाळीत टिकत नाही. खत वाया गेले एवढेच त्याचे नुकसान नसते.

आता पुन्हा बुरशीकडे वळू. पेनिसिलीनच्या गाभ्यात नत्राचे दोनच अणू असतात. एक सिस्टीन या अमिनो आम्लातून येतो, दुसरा व्हॅलीनमधून. दुसरा अणू चार अणूंच्या ताणलेल्या कड्यात बसतो. हे कडे जिवाणूच्या विकराला चिकटताना तुटते आणि जिवाणूची भिंत बांधली जाणे थांबते. औषधाचा सारा प्रभाव या कड्यात आहे. मात्र टाकीत घातलेल्या नत्रापैकी फारच थोडा भाग येथवर पोहोचतो. बराचसा बुरशीच्या स्वतःच्या शरीरात अडकतो. औषध गाळून घेतले की तो बुरशीचा लगदा टाकाऊ ठरतो.

पिंपरीतील घोष आणि गांगुली यांनी नेमका हा लगदा हाती घेतला. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचा विषय होता, वापरून झालेली बुरशी हाच नत्राचा एकमेव स्रोत ठेवून नवे पेनिसिलीन बनवणे. मक्याचे झाड पानाबाबत जे करते तेच येथे टाकीत करून पाहिले गेले : जुन्या देहातील प्रथिने मोडायची आणि त्यांतील नत्र नव्या उत्पादनाला द्यायचा. आमच्या मते त्या काळच्या भारतीय किण्वन-संशोधनातील हे अतिशय चतुर काम आहे, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला जागा मिळायला हवी होती. मक्याचे पाणी कमी लागले तर कारखान्याचे एक परावलंबन कमी होते, हा त्यातला व्यावहारिक भाग.

परावलंबन मात्र दुसऱ्या वाटेने आले. स्वस्त चिनी पेनिसिलीनपुढे भारतीय उत्पादन टिकले नाही. पिंपरीची कंपनी १९९७ मध्ये आजारी उद्योग ठरली, आणि पुढे देशात पेनिसिलीन-जी बनणेच थांबले. अमॉक्सिसिलीनसारख्या रोजच्या गोळ्यांचा कच्चा माल त्यामुळे बाहेरून येऊ लागला. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाडा येथे पेनिसिलीन-जीचा नवा कारखाना सुरू झाला.