क्रॉफर्ड आणि मुंबईची तिजोरी
आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर मुंबईच्या इतिहासात उधळेपणाचा शिक्का बसला आहे. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. १८६५च्या कायद्याने सारी कार्यकारी सत्ता एका म्युनिसिपल आयुक्ताच्या, म्हणजे क्रॉफर्ड यांच्या, हाती दिली. खर्चावर नजर ठेवायची होती सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींनी, आणि त्यांना करदात्यांना जाब द्यावा लागत नव्हता. त्याच वर्षी कापसाची तेजी कोसळली, तरी रस्ते, आरोग्यव्यवस्था आणि पुढे क्रॉफर्ड यांचेच नाव लागलेले मार्केट यांवर पैसा ओतला जात राहिला. १८७१मध्ये करदाते खवळले; क्रॉफर्ड गेले.

एकहाती सत्ता हेच मूळ दुखणे, असा आक्षेप तेव्हाही होता. पण तिच्यावाचून इतके गलिच्छ शहर एवढ्या झपाट्याने सुधारले असते का? त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहतांनी लोकांचा रोष पत्करून सांगितले की आयुक्त बलवानच राहू द्या, तपासणारे मात्र लोकनियुक्त हवेत. १८७२च्या कायद्याने ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन आले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. मतदार मूठभर, तेही पैसेवाले (गिरणी कामगारांना कोण विचारतो!). तरी अंदाजपत्रकावरून आयुक्ताला धारेवर धरणारे काही जण आता मते मागून सभागृहात येऊ लागले.