पूर्वपक्षाच्या शोधात

इसवी सन 180च्या आसपास केल्सस नावाच्या एका ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती पंथाचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. तरी त्यातला बराच भाग आपल्याला वाचता येतो, कारण सुमारे सत्तर वर्षांनी ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने त्याला उत्तर लिहायला घेतले आणि केल्ससची वाक्ये जशीच्या तशी उतरवून एकेकाचा समाचार घेतला. पॉर्फिरीच्या वाट्याला एवढेही आले नाही. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने ख्रिस्ती मताविरुद्ध 15 खंड लिहिले. ते जाळून टाकण्याचा बादशाही हुकूम 448 साली निघाला आणि आज त्यांचे तुकडेच काय ते हाती लागतात. पण त्यातला एक तुकडा पाहा. बायबलमधला दानिएलचा ग्रंथ बाबिलोनच्या काळातला नसून इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला आहे, असे पॉर्फिरीने तर्काने दाखवले होते. हे आपल्याला कळते ते संत जेरोमने त्याला दिलेल्या उत्तरातून. आजचे बायबलचे अभ्यासक या मुद्द्यावर बहुतांशी पॉर्फिरीच्या बाजूने आहेत.

एकेश्वरवादाकडे पेगन लोकांनी कसे पाहिले, या विषयात शिरणाऱ्याला ही गोष्ट उंबरठ्यावरच भेटते. ज्यांची बाजू ऐकायची, ती प्रतिपक्षाच्या दप्तरातून काढावी लागते. मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. चार्वाकांचे म्हणणे आपल्याला असेच, दुसऱ्यांनी मांडलेल्या पूर्वपक्षातून कळत आले आहे. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला आहे की खोडायला सोयीचा करून मांडला आहे, हे पारखण्याची सवय ज्याला आहे, त्याने या विषयात बिनदिक्कत यावे. पेगन हे नावसुद्धा ख्रिस्ती लोकांनी दिलेले आहे. अथेन्सच्या तत्त्वज्ञापासून ईजिप्तच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ते सरसकट चिकटवले गेले. त्या सगळ्यांचा मिळून एक धर्म कधीच नव्हता.

या वादाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करायला हवा. ख्रिस्ती लोक एक देव मानत आणि पेगन अनेक, आणि भांडण या आकड्यावरून होते, असे शाळेच्या पुस्तकांतून मनात बसलेले असते. प्रत्यक्षात शिकलेल्या पेगनांपैकी पुष्कळांना सर्वांच्या वर असलेला एक परमदेव मान्य होता. उत्तर आफ्रिकेतल्या मदौरा गावच्या मॅक्झिमस नावाच्या शिक्षकाने 390च्या सुमारास ऑगस्टिनला एक पत्र लिहिले. देव एकच आणि अनादी आहे, जगभर पसरलेल्या त्याच्या शक्तींना आम्ही वेगवेगळ्या नावांनी हाका मारतो, असे तो त्यात शांतपणे सांगतो. पॉर्फिरी तर म्हणे, परमदेवाला कोणतीही जड वस्तू वाहू नये, उच्चारलेला शब्दही त्याच्यापुढे अपुरा आहे, त्याची पूजा मौनानेच करावी. अशा विचारांचा माग घेणारा एक निबंधसंग्रह पॉलिम्निया आथानासियादी आणि मायकेल फ्रीडे यांनी 1999 साली काढला. त्यातल्या ‘पेगन एकेश्वरवाद’ या शब्दप्रयोगावर अजून वाद चालू आहे, आणि तो वाद उपयोगाचा आहे.

मग खटकत काय होते? केल्ससचे म्हणणे नीट वाचले तर ते दिसते. राजाच्या सुभेदारांचा मान राखल्याने राजाचा अपमान होत नाही. तसेच धाकट्या देवांची पूजा केल्याने थोरल्याचे काही उणे होत नाही. प्रत्येक जनसमूहाला आपापले दैवत आणि वाडवडिलांचे आचार नेमून दिलेले आहेत, ते मोडण्यात पाप आहे. यहुद्यांबद्दल तो पुष्कळ कडवट बोलतो, पण ते निदान आपल्या पूर्वजांचा धर्म पाळतात हे मान्य करतो. ख्रिस्ती लोक मात्र सगळ्यांना आपापले सोडून येण्याचा आग्रह धरतात. शिवाय परवापरवा होऊन गेलेल्या एका माणसाला भजतात आणि वर एकाच देवाची भाषा करतात, हे त्याला विसंगत वाटते. एका देवावरची निष्ठा इतर सगळ्या देवांना खोटे ठरवूनच सिद्ध व्हायला हवी का, हा त्याचा प्रश्न आहे. माझ्या मते या संपूर्ण विषयाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

रोमन सम्राट ज्युलियनपाशी वाचकाने जास्त थांबावे, कारण ख्रिस्ती धर्म सोडलेल्या माणसाच्या अंगात तो धर्म किती खोल उरतो, हे त्याच्याइतके कुणीच दाखवत नाही. तो राजघराण्यातला, ख्रिस्ती म्हणून वाढलेला, तरुणपणी चर्चमध्ये धर्मग्रंथांचे जाहीर वाचन केलेला. विशीत तो गुपचूप जुन्या देवांकडे वळला, आणि 361 साली एकट्याच्या हाती साम्राज्य आल्यावर त्याने उघडपणे त्यांची बाजू घेतली. दोन वर्षेही राज्य न करता तो 363 साली इराणच्या मोहिमेत मेला. हिब्रू लोकांचा देव जर सगळ्या जगाचा असेल, तर हजारो वर्षे त्याने आमच्याकडे पाहिले कसे नाही, हा त्याचा सवाल आहे. जो देव स्वतःला मत्सरी म्हणवतो त्याला परमदेव कसे मानावे, हा दुसरा. दोन्ही सवाल केल्ससच्या परंपरेतले आहेत. मात्र त्याने काय केले ते पाहिले की चित्र बदलते.

एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तो पुजाऱ्यांसाठी नियम घालतो. नाट्यगृहात जाऊ नये, एपिक्यूरसचे ग्रंथ वाचू नयेत, देवांची स्तोत्रे पाठ असावीत, नित्य प्रार्थना करावी, गरिबांना आधार द्यावा. आमच्या पुजाऱ्यांनी गरिबांकडे दुर्लक्ष केले आणि गॅलिलीवाल्यांनी (म्हणजे ख्रिस्ती लोकांनी) तेवढे हेरले, अशी खंतही तो व्यक्त करतो. ग्रीक-रोमन पुजारी म्हणजे बहुधा गावातला प्रतिष्ठित माणूस. ठरलेल्या दिवशी यज्ञबली देणे हे त्याचे काम, त्याने काय वाचावे हे कुणी विचारत नसे. ज्युलियनच्या मनातला पुरोहित बिशपच्या साच्यातून निघाला आहे. 362 साली त्याने शिक्षकांविषयी जो हुकूम काढला तो तर याहून बोलका आहे. ज्यांचा होमरच्या देवांवर विश्वास नाही त्यांनी होमर शिकवू नये, असा त्याचा आशय. पाठ्यग्रंथ आणि श्रद्धा यांची अशी गाठ जुन्या पाठशाळांनी कधी मारलेली नव्हती. स्वतः पेगन असलेल्या आणि ज्युलियनवर प्रेम करणाऱ्या अम्मियानुस मार्सेलिनुस या इतिहासकाराने या हुकुमाची निंदा केली आणि त्याच्या बैलांच्या अतोनात बळींनाही नावे ठेवली. ही निंदा मला महत्त्वाची वाटते. जुन्या रीतीत वाढलेल्या माणसाला ज्युलियनच्या धर्मोत्साहात काहीतरी परके जाणवत होते.

384 साली रोमचा नगराधिकारी सिमाकस याने सिनेटमधली विजयदेवीची वेदी परत बसवावी म्हणून सम्राटाकडे अर्ज केला. इतक्या गूढ सत्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक असाव्यात, हा त्यातला युक्तिवाद जगप्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडे तो वाचणाऱ्याला लगेच उपनिषदांची आठवण होते. तिथे जरा सावकाश जावे. त्याच अर्जात सिमाकस व्हेस्टा देवीच्या कुमारिकांचे बंद झालेले अनुदान आणि जप्त झालेल्या जमिनी मागतो. त्याला सरकारी खर्चाने चालणारा राजधर्म हवा आहे. मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला दिलेले उत्तर कठोर आहे, पण पैशाचा मुद्दा त्याने अचूक पकडला आहे. आठ वर्षांनी, 392 साली, सम्राट थिओडोशियसच्या कायद्याने घरातल्या कुलदेवतेपुढे दिवा लावणे, धूप जाळणे, माळ घालणेसुद्धा गुन्हा ठरवले. सिमाकसच्या अर्जातला दोष दाखवतानाही तो कायदा माझ्या नजरेआड होत नाही.

अनेकदेववादी समाज स्वभावतःच सहिष्णू असतो, हा समज डेव्हिड ह्यूमने 1757 साली मांडला आणि तो अजून चलनात आहे. इसवी सनापूर्वी 186 साली रोमने बाखसच्या भक्तांवर जे अत्याचार केले, आणि 303 साली डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा जो छळ मांडला, ते वाचून मग त्यावर विचार करावा. यान आसमान या जर्मन ईजिप्तविद्याविशारदाने 1997 साली हा प्रश्न अधिक नेमका केला. धर्मांमध्ये खरा आणि खोटा असा भेद करणे ही मोझेसच्या नावाशी जोडलेली नवी गोष्ट होती, असे त्याने म्हटले. त्यावर कडाडून टीका झाली आणि त्याने आपली मांडणी पुढे सौम्यही केली. त्याचे टीकाकारही वाचावेत.

आता जुन्या पेगन उपासनेच्या विसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनाकडे. इंग्लंडमध्ये 1921 साली मार्गारेट मरे यांनी असे प्रतिपादन केले की युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना शिक्षा झाल्या, ते वस्तुतः टिकून राहिलेल्या एका पेगन धर्माचे अनुयायी होते. जेराल्ड गार्डनर यांनी 1954च्या आपल्या पुस्तकात हाच धागा उचलला आणि त्यातून विक्का नावाचा धर्म वाढला. मरे यांचे पुरावे मात्र चेटूक-खटल्यांचे होते, म्हणजे आरोपींकडून वदवून घेतलेल्या कबुल्या. रोनाल्ड हटन यांनी 1999 साली ही इमारत विटेविटेने तपासली, आणि आज अनेक विक्कापंथी स्वतःच त्यांचे पुस्तक वाचायला सांगतात. आपला उगम आपण मानत होतो तसा नाही, हे पचवून ज्यांनी आपली उपासना चालू ठेवली, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. आइसलँडमध्ये 1973 साली मान्यता मिळालेल्या, जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्या आसात्रू संघटनेचा आधार प्रामुख्याने त्या देवांच्या कथा सांगणाऱ्या एड्डा ग्रंथांवर आहे. त्यातला गद्य एड्डा तेराव्या शतकात स्नोरी स्टर्लूसन या ख्रिस्ती माणसाने लिहिला, आणि प्रस्तावनेत जुन्या देवांना आशियातून आलेली माणसे ठरवले.

लिथुएनियातला जुना धर्म पुन्हा जागवणाऱ्या रोमुवा या संघटनेची हकिगत कायद्याच्या अंगाने वाचावी. ते राज्य 1387 साली ख्रिस्ती झाले, युरोपात अगदी उशिरा. सोव्हिएत काळात लोकगीते गोळा करणाऱ्या तरुणांतून हे पुनरुज्जीवन सुरू झाले आणि 1992 साली संघटनेची नोंदणी झाली. तिला सरकारी मान्यता देण्याचा ठराव 2019 साली संसदेत फेटाळला गेला. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने त्याला विरोध केला होता. 2021 साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला आणि 2024च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. धर्म म्हणजे काय याचा सरकारी नमुना चर्चकडे पाहून घडलेला असतो, आणि त्या रकान्यांत आपली गाणी, अग्नी आणि पितर कसे बसवायचे, हा प्रश्न या लोकांना रोज पडतो.

मराठी वाचकाकडे या अभ्यासासाठी स्वतःचे साहित्यही आहे. 1831 साली मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याशी मोरभट्ट दांडेकरांनी वाद घातला. 1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी पाद्र्यांना जाहीर उत्तरे देत होते. दहा वर्षांनी स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा सोडून एकेश्वरी उपासना घेतली आणि तिला तुकोबांचा आधार दिला. हे वाङ्मय ज्युलियनशेजारी ठेवून वाचले पाहिजे असे मला फार वाटते. प्रश्न कुणी घातले, उत्तर देणाऱ्याने ते तसेच स्वीकारले की उलटवले, आणि उत्तर देता देता तो किती बदलला, हे दोन्हीकडे शोधता येते. आपले काम मात्र ग्रीकांना हिंदू ठरवण्याचे नाही. केल्ससला पुनर्जन्माची चर्चा नवी नव्हती आणि ज्युलियन मूर्तीला देवाचे प्रतीक म्हणतो, एवढ्यावरून गळामिठी मारू नये.

सुरुवात सिमाकसचा अर्ज आणि अँब्रोजची उत्तरे एकत्र वाचून करावी. दोन्ही मिळून एका संध्याकाळचे काम आहे. मग ओरिजेनने केल्ससला दिलेल्या उत्तराचा आठवा खंड घ्यावा, कारण सुभेदारांचा युक्तिवाद त्यात आहे. ज्युलियनची पत्रे त्यानंतर, आणि हटन सर्वांत शेवटी. सिमाकस वाचताना ज्याला त्याचे पटेल त्याने अँब्रोज दोनदा वाचावा, आणि अँब्रोजचे पटेल त्याने सिमाकस.